फ्रेमवर्कमध्ये, रनटाइमवर

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी माणसांच्या बोलण्याकडे कान दिला, की अशी वाक्ये सहज कानावर पडतात : ‘ते टूल क्यूटमध्ये लिहिलंय.’ ‘हे अ‍ॅप इलेक्ट्रॉनवर आहे.’ ‘पीडीएफसाठी एक लायब्ररी वापरली, तिनेच काम झालं.’ ‘कंपाइल होतंय, पण रनटाइमला एरर येतेय.’ नामे जवळजवळ सगळी इंग्रजी आहेत आणि त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. माझे लक्ष मात्र त्या नामांना चिकटलेल्या ‘मध्ये’, ‘वर’, ‘ने’ आणि ‘ला’ यांच्याकडे जाते. ही चार चिमुकली अव्यये आणि प्रत्यय अस्सल मराठी आहेत आणि ती नेमकी बोलतात. डेस्कटॉपवरची सॉफ्टवेअरे बनवण्याच्या साधनांची तुलना करायची, तर यांच्याइतकी चांगली मोजपट्टी दुसरी नाही, असे मला ठामपणे वाटते.

आपल्या व्याकरणपरंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. क्रिया ज्याच्या साहाय्याने घडते ते करण आणि ती ज्याच्या आधाराने घडते ते अधिकरण, ही पाणिनीची मांडणी. पुढच्या वैयाकरणांनी अधिकरणाचेही प्रकार पाडले. चटईवर कोणी बसला आहे, तर चटई हा आधार त्याला फक्त एका बाजूने लागून आहे. हा औपश्लेषिक आधार. तिळात तेल आहे, तर तेल तिळाच्या कणाकणात भिनलेले आहे. हा अभिव्यापक आधार. चटईवरचा माणूस उठून दुसऱ्या चटईवर जाऊन बसू शकतो. तिळातले तेल वेगळे करायचे, तर घाणाच लावावा लागतो. लायब्ररी हे करण आहे, रनटाइम ही चटई आहे आणि फ्रेमवर्क म्हणजे तीळ. पुढची सगळी चर्चा या तीन शब्दांभोवतीच फिरते.

आधी ज्या जागेवर हा सगळा खेळ चालतो तिचे नाव पाहू. ‘डेस्कटॉप’मधला डेस्क मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘डेस्का’वरून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘डिस्कस’ आहे, म्हणजे चकती, थाळी. त्याच्याही मागे ग्रीक ‘डिस्कोस’, मैदानात फेकायची थाळी. या एकाच शब्दाच्या पोटी इंग्रजीत डेस्क, डिश, डिस्क ही भावंडे जन्मली. संगणकाच्या पडद्यावरचे टेबल आणि पोटातली हार्ड डिस्क यांचे कूळ एकच आहे. पडद्याला टेबलाचे रूप देण्याची कल्पना झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात वाढली. १९८१ साली आलेल्या ‘स्टार’ यंत्रात ती विकाऊ मालात उतरली आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घरोघरी नेली.

त्या टेबलावर उघडतात त्या ‘विंडो’. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला ‘विंडाउगा’. ‘विंडर’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा, म्हणून वाऱ्याचा डोळा. भाषाशास्त्राच्या हिशेबाने यातला ‘विंडर’ हा आपल्या ‘वात’चा सगोत्र आणि ‘आउगा’ हा ‘अक्षि’चा. संस्कृतनेही खिडकीसाठी हेच दोन धागे उचलले, फक्त दोन वेगळ्या शब्दांत : वाऱ्याची वाट ते ‘वातायन’ आणि गाईच्या डोळ्यासारखा तो ‘गवाक्ष’. मराठीत रुळली ती मात्र प्राकृतातल्या ‘खडक्की’पासून आलेली खिडकी. तिने घरात बस्तान बसवले आणि संगणकापुरती जागा ‘विंडो’ला सोडून दिली.

आता करण, म्हणजे लायब्ररी. लॅटिन ‘लिबर’ म्हणजे झाडाची आतली साल. तिच्यावर लिहीत, म्हणून पुढे तिचाच अर्थ पुस्तक झाला. आपल्याकडच्या भूर्जपत्राची आठवण येथे व्हावीच. संगणकाच्या जगात हा शब्द केंब्रिजमध्ये पक्का झाला. तिथला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू लागला. त्याच्यासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा नेहमी लागणाऱ्या कामांचे छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवले. ते भोके पाडलेल्या कागदी फितींवर असत. फिती कपाटात नीट लावून ठेवलेल्या असत आणि हवी ती काढून तिची नक्कल आपल्या फितीत घ्यायची असे. तिघांचे १९५१ सालचे पुस्तक हे प्रोग्रॅमिंगवरच्या आद्य पुस्तकांपैकी एक, आणि त्यात या संग्रहाला लायब्ररी म्हटले आहे. शब्द अगदी सार्थ होता : कपाट होते, मांडणी होती, हवे ते काढून घ्यायची मुभा होती. लायब्ररीचा स्वभाव आजही तोच आहे. तुम्ही तिला हाक मारता, ती काम करते आणि गप्प होते. म्हणून मराठीत आपण ‘लायब्ररीने केलं’ म्हणतो, तृतीयेने. ‘लायब्ररीमध्ये लिहिलंय’ असे अ‍ॅपबद्दल कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर ऐकणारा समजतो की बोलणारा लायब्ररीच्या आतल्या कोडबद्दल बोलतो आहे.

फ्रेमवर्कचे वागणे याच्या उलट. ‘फ्रेम’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘फ्रामियान’ या क्रियापदात आहे : उपयोगी पडणे, पुढे सरकणे. त्यावरून बांधकामाचे लाकूड तासून तयार करणे आणि मग त्या लाकडांचा उभा केलेला सांगाडा, असा अर्थ वळत गेला. मराठीतली ‘चौकट’ही लाकडाचीच. ‘चतुष्काष्ठ’, म्हणजे दाराची चार लाकडे, याचे ते झिजून उरलेले रूप. दोन भाषांत दोन सुतारांनी एकच कल्पना घडवली आणि दोन्हींतून तिचा लाक्षणिक अर्थ निघाला. ‘कायद्याच्या चौकटीत’, ‘घटनेच्या चौकटीत’ हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. तिथला ‘त’ पाहा. चौकटीने कोणी काही करत नाही, चौकटीत राहून करतो.

इंग्रजीत फ्रेमला आणखी एक इतिहास आहे. विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास पायमोजे विणायचे यंत्र बनवले, त्याचे नाव ‘स्टॉकिंग फ्रेम’. त्यावर विणणाऱ्यांना ‘फ्रेमवर्क निटर’ म्हणत. लंडनमध्ये त्यांच्या संघाला १६५७ साली सनद मिळाली. १८११ पासून नॉटिंगहॅमच्या परिसरात ल्युडाइट कारागिरांनी जी यंत्रे फोडली, ती हीच. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा १८१२ साली झाला आणि त्याला विरोध करत कवी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले. सॉफ्टवेअरमधल्या अर्थाचा वंश इमारतीच्या सांगाड्याकडून येतो, मोज्यांच्या यंत्राकडून नव्हे. पण त्या कारागिरांचे दुखणे जे होते, की कामाची रीत आता यंत्र ठरवते, ते फ्रेमवर्कमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडेफार येतेच.

याचे कारण असे. फ्रेमवर्कमध्ये मुख्य चक्र तुमच्या हातात नसते. माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा आकार बदलला, की फ्रेमवर्कला ते आधी कळते आणि मग ते तुमच्या कोडला हाक मारते. या उलटापालटीसाठी संगणकशास्त्रात ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ अशी संज्ञा आहे. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांच्या १९८८ च्या लेखात लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांतला फरक याच निकषावर स्पष्ट केलेला आढळतो. हाक कोण मारतो, एवढाच प्रश्न. अ‍ॅपलचे ‘मॅकअ‍ॅप’ १९८५ चे. मेनू, खिडक्या, छपाई, केलेले पुसणे ही प्रत्येक अ‍ॅपला लागणारी कामे त्यात आधीच केलेली होती, आणि लेखकाने फक्त मधल्या रिकाम्या जागा भरायच्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीचेही मूळ नाव ‘एएफएक्स’, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन फ्रेमवर्क एक्स्टेन्शन्स. नाव बदलले, पण जुन्या व्हिज्युअल सी++ प्रकल्पांत ‘एसटीडीएएफएक्स’ नावाची हेडर फाइल वर्षानुवर्षे राहिली. तिच्यातली ती तीन अक्षरे कशाची, हे ती रोज उघडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते.

एकेका अक्षराच्या नावांतही पुष्कळ इतिहास दडलेला असतो. युनिक्सवरच्या खिडक्यांच्या प्रणालीचे नाव ‘एक्स’. ती १९८४ साली एमआयटीत जन्मली आणि नाव मिळाले ते निव्वळ वर्णमालेच्या क्रमाने, कारण तिच्या आधीची प्रणाली ‘डब्ल्यू’ होती आणि ती ‘व्ही’ नावाच्या कार्यप्रणालीवर चालत असे. एक्सवर बटणे, सरकपट्ट्या, चौकोन रचण्यासाठी जो संच तयार झाला तो ‘एक्सटी’, यातला ‘टी’ टूलकिटचा. त्याच्याच घरात बटण-पट्टी अशा घटकाला ‘विजेट’ हे नाव पडले. विजेटला तोपर्यंत नेमका अर्थच नव्हता. कॉफमन आणि कॉनेली यांच्या १९२४ च्या ‘बेगर ऑन हॉर्सबॅक’ या नाटकात एका कारखान्यातल्या मालाचे ते नाव आहे, आणि तो माल नक्की काय हे मुद्दाम मोघम ठेवले आहे. अर्थाचे ओझे नसलेला शब्द हवा होता, म्हणून संगणकवाल्यांनी तो उचलला. ‘टीके’मधली दोन अक्षरेही टूलकिटचीच. ते जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलीत घडवले आणि आज पायथन शिकणारा विद्यार्थी पहिली खिडकी उघडतो ती बहुधा त्याच्याच आधाराने. ‘डब्ल्यूएक्स’ एडिंबरा विद्यापीठात १९९२ साली ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केले. ‘डब्ल्यू’ विंडोजचा, ‘एक्स’ एक्सचा, म्हणजे दोन्हींकडे चालणारे हा दावा नावातच आहे. त्याचे पूर्ण नाव डब्ल्यूएक्सविंडोज होते. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून २००४ साली ते डब्ल्यूएक्सविजेट्स झाले.

‘क्यूट’ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहेमचे हावार्ड नॉर्ड आणि आइरिक शांबे-एंग यांनी १९९१ साली ते लिहायला घेतले. नाव लिहितात ‘क्यू’ आणि ‘टी’ अशा दोन अक्षरांनी. हावार्डच्या ईमॅक्स या संपादकातल्या फाँटमध्ये ‘क्यू’ हे अक्षर देखणे दिसे, म्हणून ते घेतले आणि ‘टी’ आला एक्सटीच्या धर्तीवर, टूलकिटचा. म्हणून त्यातला प्रत्येक घटक ‘क्यू’ने सुरू होतो : क्यूस्ट्रिंग, क्यूविजेट, क्यूपुशबटन. उच्चार मात्र इंग्रजी ‘क्यूट’सारखाच करायचा. तो क्यूटही मुळात ‘अक्यूट’चे डोके उडून राहिलेले रूप. लॅटिन ‘अक्यूटस’ म्हणजे टोकदार, तीक्ष्ण. म्हणून अठराव्या शतकातल्या इंग्रजीत क्यूट म्हणजे चलाख. ‘गोड, गोंडस’ हा अर्थ नंतर चढला आणि मराठीत आला तो हाच.

क्यूटच्याच परवान्याच्या वादातून ‘ग्नोम’ हे आणखी एक नाव जन्मले. १९९६ साली मॅथियास एट्रिक यांनी केडीई हा डेस्कटॉप सुरू केला आणि त्यासाठी क्यूट निवडले. क्यूटचा परवाना तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. या आक्षेपातून मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ साली ग्नोम प्रकल्प उभा केला. त्यांनी पाया घेतला जीटीकेचा. हे जीटीके मुळात गिंप या चित्रे संपादण्याच्या प्रोग्रॅमसाठी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले टूलकिट, म्हणून ‘गिंप टूलकिट’. २००० साली क्यूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले आणि वादाचे कारण संपले. तोवर दोन्ही घरे भक्कम उभी राहिली होती आणि आजही आहेत. ग्नोम क्यूटवर हलवा किंवा केडीई जीटीकेवर हलवा असे कोणी का म्हणत नाही? कारण ती दोन्ही ‘मध्ये’ लिहिलेली आहेत. कोडच्या ओळीओळीत क्यू किंवा जी भिनलेला आहे.

आता ‘वर’चा शब्द, रनटाइम. इंग्रजीत प्रोग्रॅम धावतो, मराठीत तो चालतो. आपल्याकडे आगगाडी धावते, पण गिरणी चालते, पंखा चालतो, दुकान चालते. म्हणून ‘धावकाळ’ असा शब्द कोणी घडवला तर तो कानाला परका वाटतो, आणि ‘चालताना’ म्हटले की नेमके कळते. रनटाइमचा पहिला अर्थ तेवढाच होता : प्रोग्रॅम चालण्याचा काळ, त्याच्या आधीच्या कंपाइल-काळापासून वेगळा. मग त्या काळात प्रोग्रॅमच्या हाताशी जे असावे लागते त्या फायलींच्या संचालाच रनटाइम म्हणू लागले. काळाचे नाव वस्तूला लागले. हा अर्थबदल मराठीला नवा नाही. ‘संध्या’ म्हणजे दिवसरात्रीचा सांधा, आणि त्या वेळी करायच्या कर्मालाही आपण संध्याच म्हणतो, ‘संध्या केली’ म्हणतो.

मराठी बोलणारा प्रोग्रॅमर हे दोन अर्थ गोंधळाशिवाय वेगळे ठेवतो आणि ते काम प्रत्यय करतात. ‘रनटाइमला एरर येते’ यातला ‘ला’ काळाचा आहे, ‘सकाळी दहाला’मधला. ‘डॉटनेटच्या रनटाइमवर चालतं’ यातला ‘वर’ आधाराचा. जुन्या मराठीतली ‘वरी’ आणि तिच्या मागे संस्कृत ‘उपरि’, असा त्याचा वंश. आणि ‘आधी रनटाइम टाक’ यात प्रत्ययच नाही, कारण तिथे ती निखळ वस्तू आहे, मशीनवर टाकण्याची. 

ही वस्तू बहुतेकांना दिसते ती नसल्यावरच. विंडोजवर एखादा खेळ किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायला जावे आणि समोर पेटी यावी की ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडत नाही. ते नाव उलगडून पाहा. ‘व्हीसी’ म्हणजे व्हिज्युअल सी++, ‘रनटाइम’ स्पष्टच आहे, आणि १४० म्हणजे आवृत्ती १४.०, जी व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ बरोबर आली. त्याच्या आधीची, २०१३ ची आवृत्ती १२.०. मधला तेराचा आकडा गाळला आहे. प्रोग्रॅम सांगतो आहे की मी ज्या चटईवर बसायचो ती इथे अंथरलेलीच नाही. त्याच्या दोन पिढ्या आधी महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉम्प्युटर क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक शिकवत, तेव्हाही हाच अनुभव होता. व्हीबी ३ मध्ये बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा, तर फ्लॉपीवर ‘व्हीबीरन३००.डीएलएल’ ही फाइलही सोबत द्यावी लागे. व्हीबी ‘मध्ये’ लिहिलेले व्हीबीरन ‘वर’ चालत असे. दोन वेगळी नाती, दोन वेगळे शब्द.

याच ठिकाणी बोरलँडच्या डेल्फीने १९९५ साली आपला वेगळेपणा दाखवला. तिने बनवलेली एक्झी फाइल लागणारे सामान आपल्या पोटातच घेऊन फिरे, वेगळी रनटाइम फाइल मागत नसे. नाव आले ग्रीसच्या देवस्थानावरून, कारण तिला ज्या डेटाबेसशी बोलायचे होते तो होता ओरॅकल, आणि ओरॅकलला, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या देववाणीला, प्रश्न विचारायचा तर डेल्फीला जावे लागते. त्या गावाच्या नावाची सांगड ग्रीक ‘डेल्फिस’शी घालतात, अर्थ गर्भाशय. भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृत ‘गर्भ’चा सगोत्र मानतात. ग्रीकमध्ये भावाला ‘अडेल्फोस’ म्हणतात, एकाच गर्भातला, आणि संस्कृतात नेमक्या त्याच अर्थाचा ‘सगर्भ्य’ हा शब्द आहे.

जावाने ‘वर’ची कल्पना सर्वांत उघडपणे मांडली. एकदा लिहा आणि कुठेही चालवा, अट एवढीच की जावाचा रनटाइम तिथे हवा. जेम्स गॉसलिंग यांच्या या भाषेचे आधीचे नाव ‘ओक’. १९९५ साली ते जावा झाले, कॉफीवरून, आणि कॉफी त्या बेटावरून. बेटाच्या नावाचे मूळ संस्कृत ‘यवद्वीप’ असल्याचे एक प्रचलित मत आहे. वाल्मीकी रामायणात यवद्वीपाचा उल्लेख आहे. ‘यव’ म्हणजे आपले जव. खिडक्या रंगवायला जावाने आधी एडब्ल्यूटी दिले, मग १९९८ मध्ये मुख्य आवृत्तीबरोबर स्विंग. एडब्ल्यूटीची बटणे ज्या त्या कार्यप्रणालीची असत, स्विंग स्वतःची बटणे स्वतः रंगवे. डब्ल्यूएक्सने पहिली वाट धरली, क्यूटने बरीचशी दुसरी. या दोन वाटांच्या वादात एक शब्द सतत येतो : नेटिव्ह.

नेटिव्हची महाराष्ट्रातली कहाणी वेगळी आहे. लॅटिन ‘नाटिव्हस’ म्हणजे जन्माने मिळालेला, आणि त्यामागचा धातू आपल्या ‘जन्’चा सगोत्र. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ होती, बाळशास्त्री जांभेकर तिथे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. साहेबाच्या तोंडी तो शब्द ‘एतद्देशीय, म्हणून खालचा’ अशा सुरात येई आणि पुढच्या पिढ्यांना तो बोचला. आज त्याच मुंबईतला प्रोग्रॅमर ‘हे नेटिव्ह अ‍ॅप आहे’ असे अभिमानाने सांगतो, म्हणजे त्या यंत्राच्याच मातीतले, उसन्या कातडीचे नव्हे. शब्दाची प्रतिष्ठा बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

नेटिव्हच्या विरुद्ध टोकाला आज इलेक्ट्रॉन आहे. गिटहबने अ‍ॅटम हा संपादक बनवला, त्याच्या कवचाचे नाव ‘अ‍ॅटम शेल’. २०१५ साली ते इलेक्ट्रॉन झाले, अणूच्या कवचात इलेक्ट्रॉनच असतो. इलेक्ट्रॉन हा शब्द जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी १८९१ साली विजेच्या मूळ एककासाठी योजला. ग्रीकमध्ये तो राळेच्या पिवळ्या खड्याचा वाचक आहे. तो खडा घासला की काड्या-काटक्या ओढतो. संस्कृतात त्याला ‘तृणमणी’ म्हणतात आणि फारसीत ‘कहरुबा’, म्हणजे गवत पळवणारा. गंमत अशी, की अरबीतही विजेला ‘कहरबा’ म्हणतात. ग्रीक आणि फारसी, दोन्ही मुळांतून निघालेला रस्ता त्याच खड्यावरून विजेपर्यंत गेला.

इलेक्ट्रॉनवर बनलेल्या अ‍ॅपचे फोल्डर उघडून पाहण्यासारखे असते. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलची डेस्कटॉप आवृत्ती, ही सगळी याच जातीची. आत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर असतो आणि नोडजेएस असते, म्हणून लहानशा अ‍ॅपचाही आकार शंभर एमबीच्या पुढे जातो. ‘रिसोर्सेस’मध्ये ‘अ‍ॅप.असार’ नावाची फाइल दिसते. असार म्हणजे ‘अ‍ॅटम शेल आर्काइव्ह’. अ‍ॅटम हा संपादक गिटहबने २०२२ च्या डिसेंबरात बंद केला, पण त्याचे नाव या तीन-चार अक्षरांत लक्षावधी संगणकांवर जिवंत आहे. शेजारच्या ‘लोकेल्स’ फोल्डरमध्ये भाषांच्या फायलींची रांग असते आणि बनवणाऱ्याने ती मुद्दाम छाटली नसेल तर तिच्यात ‘एमआर.पॅक’ असते. ‘एमआर’ म्हणजे मराठी. अ‍ॅप पूर्ण इंग्रजी असले तरी क्रोमियमच्या स्वतःच्या वाक्यांचे मराठी रूप त्याच्या पोटात निमूट पडून असते. इलेक्ट्रॉनबद्दल बोलताना आपण ‘मध्ये’ आणि ‘वर’ दोन्ही म्हणतो, आणि दोन्ही बरोबर आहेत. लिहिणाऱ्यासाठी ते फ्रेमवर्क आहे, चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी रनटाइम. फक्त ही चटई प्रत्येक जण आपापली काखोटीला मारून हिंडतो.

याला उत्तर म्हणून टौरी पुढे आले, १.० आवृत्ती २०२२ ची. ते ब्राउझर सोबत घेत नाही. विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू आणि लिनक्सवर वेबकिटजीटीके, म्हणजे जे अंथरलेले असेल त्यावर बसते. म्हणून अ‍ॅप काही एमबींत मावते. त्याची किंमत अशी, की तीन ठिकाणचे तीन ब्राउझर तेच पान थोडे थोडे वेगळे दाखवू शकतात. ‘टौरी’ हे लॅटिन ‘टौरस’चे षष्ठीचे रूप, बैलाचा, वृषभाचा. ताऱ्यांच्या नावांत ते नेहमी येते : आपली रोहिणी म्हणजे अल्फा टौरी. आणि हा शब्द भारतात पूर्वीही येऊन गेला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक वळणाची नावे नोंदवली, त्यांत वृषभ राशीला ‘तावुरि’ म्हटले आहे. वृषभापुढे ते टिकले नाही, कारण तावुरिमध्ये, तावुरिवर, तावुरिला असे रोजच्या बोलण्यात कोणी म्हटले नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इथेच येते. परका शब्द भाषेत राहतो की जातो, हे त्याला प्रत्यय लागतात की नाही यावर ठरते. आणि कोणता प्रत्यय लागतो, यावरून तो शब्द आपण किती समजून घेतला आहे ते कळते. फ्रेमवर्क निवडताना वेगाचे तक्ते, आकाराचे आकडे, लोकप्रियतेच्या याद्या पाहाव्यात, पण त्याआधी मराठीत तीन प्रश्न विचारावेत. मी हे कशाने करणार? ते बदलणे सोपे. मी हे कशावर चालवणार? ते दुसऱ्याच्या मशीनवर असेल का, की सोबत न्यायचे? आणि मी हे कशामध्ये लिहिणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षे बदलता येणार नाही असे समजूनच द्यावे, कारण तिथे आपण तिळातले तेल होतो.

म्हणून कोशकारांना आणि मराठीतून संगणक शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रनटाइमला प्रतिशब्द शोधण्यात शक्ती घालवण्याआधी त्याची नोंद अशी करा : ‘रनटाइम (१) –ला : प्रोग्रॅम चालत असतानाची वेळ, (२) –वर : ज्याच्या आधाराने प्रोग्रॅम चालतो ती यंत्रणा, (३) टाकणे, काढणे : त्या यंत्रणेच्या फायली.’ फ्रेमवर्कपुढे ‘–मध्ये’ आणि लायब्ररीपुढे ‘–ने’ लिहा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पानभर व्याख्येने जे कळत नाही, ते या एका ओळीने कळेल, कारण ती ओळ तो आधीपासून बोलतच असतो.